टाइम ऑफिसची खिडकी

१९८३ च्या पावसाळ्यात साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टाइम-कीपरचा मदतनीस म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्या हवाली झालेली पहिली वस्तू म्हणजे खिळ्यांनी भरलेला एक लाकडी फळा. त्या खिळ्यांवर क्रमांक कोरलेले पितळी बिल्ले टांगलेले असत. पाळीवर येणारा प्रत्येक कामगार आपला बिल्ला काढून खिडकीतून आत टाकी, आणि भोंगा होऊन दहा मिनिटे लोटली म्हणजे फळ्यावर जे बिल्ले उरत, त्यांच्या धन्यांच्या नावापुढे मी हजेरीपटावर खाड्याची फुली मारी. इतक्या सोप्या कामासाठी वाणिज्य शाखेचा पदवीधर कशाला हवा, असा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला होता. त्याचे उत्तर काही काळाने मिळाले. ते यथाक्रम येईलच.

ती खिडकी जमिनीपासून जेमतेम अडीच हात उंचीवर होती. आत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर ती बरोबर येई. बाहेर उभ्या असलेल्याला मात्र कमरेत वाकल्याशिवाय आतल्याचा चेहरा दिसत नसे. ती कोणी मुद्दाम तशी बांधली असा आरोप मी करणार नाही. गवंड्याने आत बसणाराचे माप घेतले आणि बाहेर उभे राहणाराचे माप घ्यावे असे त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच झाले असावे. परंतु रजेचा अर्ज, पगारातली तूट, मुलीच्या लग्नासाठी फंडातून काढावयाची उचल, फोरमनच्या तक्रारीवरून निघालेल्या नोटिशीचा खुलासा, हे सारे माणसे त्या खिडकीशी वाकून सांगत. आणि वाकलेल्या माणसाला फार वेळ भांडता येत नाही, ही गोष्ट आत बसणारालाच प्रथम कळते.

त्या काळी कामाच्या शोधात आमच्या दाराशी येणाऱ्यांत मुंबईहून परतलेले गिरणी कामगार पुष्कळ असत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी गिरण्या बंद केल्या होत्या, आणि तो संप चिघळत गेला तसतशी परळ-लालबागच्या खोल्यांतून पाटण, जावळी, शिराळा या भागांतली माणसे वळकट्या बांधून गावी येऊ लागली होती. ज्यांनी वीस-वीस वर्षे साचे चालविले, ते आमच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागण्यासही तयार असत. त्यांची भाषा आमच्याहून निराळी होती. ते कामगाराच्या क्रमांकाला ‘तिकीट’ म्हणत, तात्पुरत्या माणसाला ‘बदलीवाला’ म्हणत, आणि आमच्या खोलीकडे ज्या नजरेने पाहत त्या नजरेत पूर्वीच्या साऱ्या खिडक्यांचा अनुभव साठलेला असे. त्यांच्यापैकी पाटणकडचा एक वयस्क गृहस्थ मला एकदा म्हणाला, “दोन घरचा पावना उपाशी ऱ्हातो म्हंत्यात. लेबर ऑफिसर मातर एकाच घरी जेवतो, आन् ढेकर दोन्हीकडं देतो.” मी हसलो. माझा पगारही त्याच घरातून येतो, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही.

वास्तविक या खात्याचा जन्म एका चांगल्या हेतूने झाला होता. पूर्वी गिरणीत माणूस लावणे व काढणे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. नोकरी मिळण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे आणि मिळालेली टिकविण्यासाठी ती पुन्हा पुन्हा द्यावी लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने, ज्यात आपले ना. म. जोशी एक सभासद होते, १९३१ च्या अहवालात ही नेमणुकीची सत्ता जॉबरकडून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरच्या स्वाधीन करावी अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले, आणि या अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत पडू नये, व्यवस्थापनाची वकिली करीत त्यांच्याविरुद्ध कोर्टात उभे राहू नये, अशी तजवीज केंद्राच्या नमुना नियमांतही करण्यात आली. कायदा करणाराला दोन घरचा पाहुणा ओळखीचा होता, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याच्या जेवणाची सोय त्यानेही एकाच घरी केली. अधिकारी नेमावयाचा मालकाने, त्याला पगारही द्यावयाचा मालकाने.

आमचे लेबरसाहेब परळच्या कामगार संस्थेत शिकून आलेले होते. कामगारांना ते ‘लेबरसाहेब’ एवढ्याच नावाने ठाऊक होते. त्यांच्या स्वभावाचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यांच्याइतक्या सफाईने खोटे बोलणारा मनुष्य मी पुढे फारसा पाहिला नाही. सकाळी ज्या माणसाच्या मुलाच्या बारशाला जाऊन पेढे खात, त्याच माणसाचे आरोपपत्र सायंकाळी माझ्याकडून टंकलिखित करून घेताना त्यांचा हात कापत नसे. पण पाचशे माणसांपैकी चारशेंची गावे, भावकी, शेतीचे वाद आणि बायकांची आजारपणे त्यांना मुखोद्गत होती. गैरहजेरीचा खुलासा वाचताना ‘याची म्हैस दगावली, हे खरे आहे’ किंवा ‘याचा आजा तिसऱ्यांदा मेला’ असे ते समासात लिहीत. कामगार त्यांना पोवई नाक्यावर गाठून शिव्या घालीत, त्यांच्या स्कूटरची हवा सोडीत, आणि दिवाळीला त्यांच्याच घरी फराळाला जात. त्यांच्यावर रागावता येत असे, ही त्यांची मोठी सोय होती. कोणाची गचांडी धरावयाची हे माणसाला ठाऊक असले, म्हणजे अन्याय निदान एका जागी राहतो.

१९८७ च्या सुमारास ते आम्हां चार-पाच कारकुनांना किर्लोस्करवाडी पाहावयास घेऊन गेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून बिऱ्हाड उचलून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊ केलेल्या जमिनीत, कारखाना आणि वसाहत एकदमच उभी केली, हा इतिहास आम्ही शाळेत ऐकला होता. पण कारखान्याच्या हद्दीत चालताना लेबरसाहेबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक ही, की शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीचे राखणदार म्हणून नेमले होते. आणि दुसरी ही, की १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी गिऱ्हाईक, एजंट व कामगार यांच्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे जे छोटेसे पत्रक सुरू केले, तेच पुढे वाढत वाढत मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले. आज एखाद्या उमेदवारावर पोलिसांत कधी काळी अदखलपात्र तक्रार झाली असली तरी ‘पार्श्वभूमी पडताळणी’त त्याचा अर्ज गळतो. आणि कारखान्यांची पत्रके तर आजही निघतात. वाढदिवसाचे केक, योगदिनाची चटई आणि संचालकांची छायाचित्रे यांनी ती भरलेली असतात, व त्यांतून वाङ्मय उत्पन्न होईल ही भीती कोणालाच नाही. तरीही त्या वाडीचे स्तोत्र गाताना मी थबकतो, कारण तेथे जे होते ते धन्याच्या सद्बुद्धीने होते, आणि धन्याच्या सद्बुद्धीवर कामगाराला दावा लावता येत नाही.

आता त्या पदवीधराच्या प्रश्नाकडे वळतो. महाराष्ट्राच्या प्रमाण स्थायी आदेशांत, बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, असे कलम होते. आणि १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांसंबंधीच्या कायद्याने माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. या दोन्ही तरतुदी आमच्या कचेरीत कपाटाच्या वरच्या कप्प्यात होत्या. खालच्या कप्प्यात माझी यादी होती. दर महिन्याच्या वीस तारखेला हजेरीपट उघडून मी तात्पुरत्या माणसांचे भरलेले दिवस मोजी, दोनशे दहाच्या पुढे गेलेल्यांची नावे उतरून काढी, आणि दोनशे पंचवीसच्या पुढे गेलेल्या नावाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढी. लाल रेघ पडली, की ‘ब्रेक’. कामाच्या अभावी आपली सेवा अमुक तारखेपासून संपुष्टात येत आहे, अशा मजकुराचे पत्र त्याला द्यावयाचे, आणि महिन्याभराने त्याच माणसाला त्याच यंत्रावर नव्या नेमणुकीने पुन्हा उभे करावयाचे. हे पत्र सभ्य, निर्दोष आणि कोर्टात टिकेल अशा भाषेत लिहिण्यासाठी पदवीधर हवा होता.

कोरेगाव तालुक्यातला एक तरुण ड्रिलिंगवर होता. हात चांगला होता, खाडे जवळजवळ नव्हते, आणि हाच त्याचा दोष होता, कारण खाडे नसल्याने त्याचे दिवस लवकर भरत. त्याला तीन ब्रेक मिळाले होते. चौथ्या खेपेला, त्याचे लग्न ठरले होते तेव्हा, तो खिडकीशी वाकून म्हणाला, “ह्या टायमाला ब्रेक पडंल का वो? पोरीकडच्यांना परमनंट म्हनून सांगितलंय.” त्याचे नाव तेव्हा यादीत होते आणि रेघ ओढावयाची बाकी होती. मी म्हणालो, “बघतो. साहेबांच्या कानावर घालतो.”

मी ते साहेबांच्या कानावर घातले नाही. घातले असते तर काही झाले असते असेही नाही. साहेब हसले असते, किंवा मला त्यांनी एक-दोन दिवस मानाने वागविले नसते, एवढेच. परंतु माझे स्वतःचे प्रोबेशन तेव्हा संपावयाचे होते, आणि मला ते संपवावयाचे होते. आठवड्याने मी त्याच्या नावाचे पत्र टंकलिखित केले, त्याने ते खिडकीतून घेतले, पोच म्हणून सही केली, आणि “तुमी परयत्न केला असंल,” असे म्हणून तो गेला. तो पुन्हा परतला नाही. दहा-बारा वर्षांनी सातारा स्टँडवर तो मला भेटला, ट्रकवर होता, बरा दिसत होता, आणि बरोबरच्या मुलाला माझ्या पाया पडावयास लावून म्हणाला, “ह्या साहेबांनी माझ्यासाठी लई खटपट केल्ती.” मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

कामगारांना आमच्या खात्याची सर्वांत अधिक चीड का येते, याची कारणे विचाराल तर लोक पगार, बोनस, नोटिसा अशी सांगतात. माझ्या मते खरे कारण ‘बघतो’ या एका शब्दात आहे. खिडकीत बसलेल्याला होकार देण्याचा अधिकार नसतो आणि नकार देण्याचे धैर्य नसते, म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ होकार असा धरून घरी जातो, आणि दोन महिन्यांनी त्याला कळते की कोणी काही पाहिलेच नव्हते. स्पष्ट नकार मिळालेला माणूस युनियनकडे तरी जातो, लेबर कोर्टात तरी जातो. ‘बघतो’ मिळालेला माणूस वाट पाहतो.

१९९८ साली माझी बदली त्याच कंपनीच्या कुपवाडच्या कारखान्यात झाली, आणि मी सांगलीकर झालो. त्यानंतर काही वर्षांत दोन्ही कारखाने एका मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतले, मुख्य कचेरी पुण्यास गेली, आणि आमच्या दारावरची ‘पर्सोनेल’ ही पाटी काढून तेथे ‘मानव संसाधन’ अशी पाटी लागली. त्या शब्दावर पुष्कळ विनोद झालेले आहेत, त्यांत मी भर घालीत नाही. कामगारांनी तो स्वीकारलाच नाही. तरुण मंडळी ‘एच्चार’ म्हणत आणि जुने लोक निवृत्त होईपर्यंत ‘टायमापीस’च म्हणत राहिले. खिडकी जाऊन काचेचा दरवाजा आला, आणि दरवाज्यावर ‘आमचे दार सदैव उघडे आहे’ असे वाक्य चिकटविण्यात आले, ज्याच्या खालीच कार्ड दाखविल्याशिवाय न उघडणारे कुलूप होते. बिल्ला जाऊन पंचिंगचे कार्ड आले, कार्ड जाऊन अंगठा आला. आता ओतशाळेत वर्षानुवर्षे वाळू आणि गरम लोखंड हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा शिल्लक राहत नाहीत, हे यंत्र विकणाराला कोणी सांगितले नव्हते. सकाळी सात वाजता मोल्डिंगची सहा-सात माणसे यंत्रापुढे अंगठा पुशीत, ओला करीत, डोक्याच्या तेलाला लावीत उभी असत, आणि यंत्र प्रत्येकाला सांगे की तू तो नव्हेस. महिन्याअखेरीस त्यांचे चार-चार दिवस बिनपगारी निघत. मी ते हाताने दुरुस्त करी. पुढे दुरुस्तीचा तो अधिकारही पुण्यास गेला.

याच काळात नावांचा आणि जन्मतारखांचा घोळ सुरू झाला, ज्यात माझी शेवटची काही वर्षे गेली. आमच्या हजेरीपटावर निम्म्याहून अधिक माणसांचा जन्म एक जूनचा होता. खेड्यातल्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेली ती तारीख, आणि त्यामुळे दर वर्षी एकतीस मेला कारखान्यात निवृत्तीची जत्रा भरे. तेवढ्यात गंमत होती. पण २०१४ नंतर भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक क्रमांक आला, त्याला आधार जोडणे आले, आणि मस्टरवरचा ‘पांडू’ आधारवरच्या ‘पांडुरंग’शी जुळेना, ‘जाधव’ इंग्रजीत एके ठिकाणी एका अक्षराने लांब निघे. लग्नानंतर नाव बदललेल्या कँटीनमधल्या बाईला माहेरचे आडनाव हेही आपलेच होते हे सिद्ध करावयास गॅझेट, प्रतिज्ञापत्र आणि दोन रजा लागल्या. स्वतःचे पैसे स्वतःचे आहेत हे पटविण्यासाठी तीस वर्षे त्याच फाटकातून आत येणाऱ्या माणसाला मी, जो त्याला वर्षानुवर्षे ओळखत होतो, पुरावा मागत होतो. तो मला म्हणे, “अहो, तुमी वळखता न्हवं मला?” ओळखत होतो. पण माझ्या ओळखीसाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली ती याच दिवसांत. कुपवाड उंचावर असल्यामुळे कारखान्यात पाणी शिरले नाही, आणि म्हणून पुण्याच्या कचेरीच्या हिशेबी कारखाना चालू होता. आमची माणसे डिग्रज, हरिपूर, भिलवडी येथे माळ्यांवर, शाळांत, नातलगांच्या दारी अडकली होती. महिन्याच्या पगारपत्रकासाठी गैरहजेरीचे कारण संगणकात निवडावयाचे होते: आजारपण, वैयक्तिक, निकटच्या आप्ताचा मृत्यू, विवाह. पूर नव्हता. मी पुण्यास फोन केला, तेव्हा तलाठ्याचा दाखला जोडल्यास विचार करू असे मला सांगण्यात आले. ज्या गावांचे दाखले हवे होते, तेथली तलाठ्याची चावडीच पाण्याखाली होती. अखेर मी चाळीसांवर माणसांपुढे ‘वैयक्तिक’ असे निवडले. बोटीतून बायकापोरांना काढणे हे वैयक्तिक काम आहे, असे त्या वर्षीच्या आमच्या दप्तरात नोंदलेले आहे.

दप्तरावरून सांगावयाचे ते हे, की साताऱ्याहून माझ्याबरोबर आलेले जुने हजेरीपट, नेमणुकीची पत्रे आणि माझ्या लाल रेघांच्या याद्या कंपनीने सांगलीत नदीकडच्या एका जुन्या वखारीत ठेवल्या होत्या. त्यांच्या गठ्ठ्यांच्या बांधणीवर मीच देखरेख केली होती. पूर ओसरल्यावर आम्ही कुलूप उघडले, तेव्हा गठ्ठ्यांचा लगदा झाला होता आणि त्याला हळदीच्या भिजलेल्या पोत्यांसारखा वास येत होता. पंचनामा करून तो ट्रॉलीत भरला.

माझा जन्म अर्थातच एक जूनचा. ३१ मे २०२० रोजी मी निवृत्त झालो, म्हणजे टाळेबंदीत झालो. नारळ नाही, शाल नाही, एक ईमेल आला, ज्यात कंपनीच्या प्रवासातील माझ्या योगदानाचा गौरव होता आणि लॅपटॉप जमा करण्याची मुदत होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या दिवसांत माणसांना याहून फार काही गमवावे लागले. ग्रॅच्युइटी तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याने तीस दिवसांत द्यावयाची होती. ती तीस दिवसांत आली नाही, यावरही मी रागावलो नाही. मी स्वतः कित्येकांना ‘बघतो’ म्हटले होते. पण ऑगस्टमध्ये जो हिशेब आला, त्यात माझी नोकरी १९९८ पासून धरली होती. नव्या प्रणालीत कुपवाडची रुजू तारीख तेवढी चढली होती, आणि प्रणालीच्या दृष्टीने साताऱ्याचा मी जन्मलोच नव्हतो. पंधरा वर्षे गेली. ग्रॅच्युइटीत प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार असतो, तेव्हा पंधरा वर्षांचे दोनशे पंचवीस दिवस झाले. हा आकडा मी कागदावर मांडला आणि पेन्सील खाली ठेवली.

दाद मागावयाची ती कोणाकडे, हे शोधण्यातच काही दिवस गेले. कुपवाडच्या कचेरीत आता दोन मुले होती, आणि त्यांनी फार अदबीने सांगितले की निवृत्तांचे काम येथे नसते. पुण्याने सांगितले, की ते काम बंगळूरूच्या एका सेवा देणाऱ्या कंपनीकडे सोपविले आहे. तेथे तक्रार नोंदविली की एक क्रमांक मिळतो, आणि त्याला ‘तिकीट’ म्हणतात. ते ऐकून मला पाटणकडचे ते गृहस्थ आठवले. त्यांच्या गिरणीत तिकीट माणसाला असे.

फोनवर एक मुलगी बोले. हिंदी अडखळत, पण फार आर्जवाने. तिने माझे सारे ऐकून घेतले, कीबोर्डाचा आवाज झाला, आणि ती म्हणाली, की प्रणालीत १९९८ च दिसते, सातारा दिसत नाही, नेमणुकीचे मूळ पत्र पाठवा. पत्र वखारीत होते आणि वखार पुरात गेली, हे मी सांगितले. ती काही क्षण गप्प राहिली व मग म्हणाली, की मी वरिष्ठांना कळवते. तो स्वर मी ताबडतोब ओळखला. तिला होकार देण्याचा अधिकार नव्हता. मी तिला विचारले, “बेटी, तुम्ही कंपनीत कायम आहात का?” ती हसली आणि म्हणाली, अकरा महिन्यांचे कंत्राट आहे. पुढच्या वेळी फोन केला तेव्हा दुसराच कोणी बोलला. ती आता सेवेत नव्हती, आणि माझे सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले.

ज्यांना हेही नाही अशी माणसे आमच्याच जिल्ह्यांत दर हंगामात हजारोंनी येतात, हे मी विसरलेलो नाही. बीडकडून ऊसतोडीला येणारे नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एकच ‘कोयता’ म्हणून मोजले जातात, उचल घेतलेली असते, आणि फेडीचा हिशेब मुकादम सांगेल तो. व्हिटली कमिशनने ज्या जॉबरपासून गिरणीला सोडवावयाचे म्हटले होते, तो सांगली-साताऱ्याच्या फडांतून आजही सुखरूप आहे. त्यांच्यापुढे माझी कैफियत ही पांढरपेशाची कुरकुर ठरेल. ठरो; ज्याचे पाऊल पोळले त्याने ते सांगावे.

पुरावा शेवटी घरातच निघाला. जुन्या काळी भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीकडून दर वर्षी कागदाची एक चिठोरी येई, ज्यावर खाते क्रमांक, वर्षाची वर्गणी आणि शिल्लक छापलेली असे. कामगार ती बहुधा फेकून देत. माझ्या पत्नीने १९८४ पासूनच्या सगळ्या चिठोऱ्या रेशनकार्डाबरोबर एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. ती त्यांचा काही उपयोग आहे असे समजत होती असे नव्हे; ज्यावर सरकारी शिक्का आहे तो कागद टाकावयाचा नाही, एवढाच तिचा नियम. त्यांच्या प्रती मी पाठविल्या. रजिस्टर पोस्टाने, स्वतःच्या अक्षरातल्या अर्जासह, ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ अशी सुरुवात करून पाठविल्या, कारण दुसऱ्या कोणत्याही सुरुवातीची सवय माझ्या हाताला नाही.

पुढल्या मार्चमध्ये फरकाची रक्कम खात्यात जमा झाली. तीवर उशिराचे व्याज कायद्याने देय होते, ते नव्हते. मी व्याजाचा अर्ज केला. चार दिवसांनी संदेश आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाल्यामुळे आपले तिकीट बंद करण्यात येत आहे, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते कळवावे. मी तारे दिले नाहीत. व्याजाचा अर्ज पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरांत उतरवून काढला आहे, आणि तो येत्या सोमवारी सांगलीच्या कामगार आयुक्तांच्या कचेरीत स्वतः जाऊन देणार आहे. तेथेही एक खिडकी आहे. ती किती उंच आहे, ते पाहावयाचे आहे.